सोमवारवाल्यांनी काय करायचं?

२०२६ च्या जोडून येणाऱ्या सुट्ट्या मोजताना '२६ जानेवारी सोमवारी, म्हणजे तीन दिवस फुकटात' असं सांगतात, पण हा हिशोब शनिवार-रविवारी सुट्टी असणाऱ्यांचा झाला. आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी सोमवारी! म्हणजे २०२६ ची २६ जानेवारी गेली, १४ सप्टेंबरची गणेश चतुर्थीही गेली. दसरा मंगळवारी, २० ऑक्टोबरला. जोडून दोन दिवस मिळतात, पण दसरा चौकातलं सोनं लुटायचं सोडून कोल्हापूरकर जातोय कुठं?

खरी कमाई २ ऑक्टोबरची. शुक्रवार आहे, शनिवार-रविवार रजा टाकली की सोमवारपर्यंत चार दिवस. २५ डिसेंबरलाही तेच गणित. मुंबईला जाणार असाल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, २ ऑक्टोबरसाठी ऑगस्टच्या सुरुवातीलाच बघा. आणि रजेचा अर्ज सुपरवायझरकडं त्याच्याही आधी. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढल्या की कुणी सोडत नाही.