उंच पोराला रिंगखाली उभं करणं कधी थांबवणार?

चौथा_क्वार्टर

बास्केटबॉलपटू सतनाम सिंग भमाराचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘एनबीएत खेळलेला पहिला भारतीय’. दुसरा, ‘शेवटी काय, कुस्तीतच गेला ना’. पहिला सरळ चुकीचा आहे. एनबीए म्हणजे अमेरिकेची सर्वात मोठी बास्केटबॉल लीग; तिचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. २०१५च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं आणि असा निवडला गेलेला तो पहिला भारतीय, इथपर्यंत खरं. पण एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना तो खेळला नाही. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू मैदानात उतरला तो कॅनडात जन्मलेला सिम भुल्लर, सॅक्रामेंटोकडून, त्याच वर्षी एप्रिलमध्ये. दुसऱ्या सुराबद्दल पुढे बोलूच.

सतनाम बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा. वडीलही ताडमाड उंच, शेतकरी, त्यांचं स्वतःचं बास्केटबॉल राहून गेलेलं. पोराला लुधियानाच्या अकादमीत घातलं. २०१०मध्ये, १४व्या वर्षी, तो शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत पोचला, तेव्हा पंजाबीशिवाय भाषा येत नव्हती. उंची पुढे ७ फूट २ इंच. ड्राफ्टनंतर डॅलसच्याच टेक्सास लेजंड्स या धाकट्या लीगच्या संघात दोन मोसम, बहुतेक बाकावर. मग भारतात, मग कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एजकडून.

माझा मुद्दा असा की तो कमी पडला, त्याच्या आधी त्याचं कामच बदललं होतं. २००१-०२पासून एनबीएने झोन डिफेन्सला, म्हणजे एकेका खेळाडूला न धरता आपापली जागा राखायच्या बचावाला, परवानगी दिली. रिंगकडे पाठ करून बॉल मागायचा आणि एकट्या बचावपटूला ढकलत आत जायचं, हा जुन्या सेंटरचा, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सर्वात उंच खेळाडूचा, धंदा तिथून महाग होत गेला. पुढे थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) इतके वाढले की सेंटरला बाहेर यावंच लागलं. २०१५च्या त्याच ड्राफ्टमध्ये पहिला कोण गेला? कार्ल-अँथनी टाऊन्स. तोही सात फुटांच्या घरातला, आणि २०२२मध्ये त्याने ऑल-स्टारची थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकली. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ मोसमांत मिळून तीन थ्री मारले होते, २०१६-१७च्या एका मोसमात १३४ मारले. त्याला ते जमलं कारण हाताला बॉलची सवय होती.

आता आपलं बघा. गेल्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालचा एक शालेय सामना पाहिला. एका संघात सगळ्यांपेक्षा हातभर उंच पोरगा. २-३ झोनमध्ये (दोघं पुढे, तिघं रिंगजवळ) मधोमध उभा. रिबाऊंड (हुकून परतलेला बॉल) येतो, हा दोन्ही हातांनी पकडतो, आणि पुढच्या क्षणी संघातलाच गार्ड (बॉल पुढे नेणारा, सहसा बुटका खेळाडू) येऊन ‘दे, दे, दे!’ म्हणत बॉल काढून घेतो. एकदा याने चुकून ड्रिबल केला, म्हणजे बॉल आपटत नेला, तर बाकावरून सरांचा आवाज आला, “तू नको! तू फक्त हात वर ठेव!” पोरानं खरंच हात वर केले. बॉल दुसऱ्या टोकाला होता.

हा पोरगा अठराव्या वर्षी सहा-सहा (सहा फूट सहा इंच) असेल आणि त्याच्यापुढे सहा-दहाचा पंजाबी उभा राहील. तेव्हा त्याच्याकडे काय असणार? म्हणून म्हणतो, चौदाखालच्या स्पर्धांत झोन बंद करा. ऑस्ट्रेलियात लहान गटांना झोन खेळू देत नाहीत. इथे काऊन नाही?

पिव्होट_जुना

भाऊ, लिहिलं झकास. पण तुम्ही सामना पाहून राहिले, मी पोट्टे सांभाळून राहिलो.

संध्याकाळी दीड तास. दोन रिंग. तीस-पस्तीस पोट्टे, त्यातले दहा ‘आज ट्यूशन आहे सर’ म्हणून अर्ध्यातून पळतात. कोर्ट सिमेंटचं, एका रिंगचं नेट फाटलेलं. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, ह्या सगळ्या भानगडी दिवाळीच्या आगेमागे. हेडमास्तर विचारतात, “जिंकले का?” कोणी विचारत नाही की तुमच्या सेंटरचा डावा हात कसा आहे. अशात उंच पोट्ट्याला मी पहिलं काय शिकवणार? रिबाऊंड आणि बॉल वर ठेवणं. कमरेपर्यंत खाली आणला की बुटका गार्ड हिसकून नेतोच. हे शिकवायला सहा महिने जातात, खोटं वाटत असेल तर करून पाहा.

दुसरं म्हणजे रिंगखाली उभं राहणं ही काही शिक्षा नाही. पोस्ट, म्हणजे रिंगजवळचा हा खेळ, ही विद्या आहे. पाठीवर माणूस घ्यायचा, त्याचा कोणता पाय पुढे आहे ते न बघता ओळखायचं, आणि दुसऱ्या बाजूनं वळायचं. एनबीएचा गाजलेला सेंटर हकीम ओलाजुवान बास्केटबॉलला लागला तोच पंधराव्या-सोळाव्या वर्षी. आपला अमृतपाल सिंग त्याहून उशिरा, एकोणिसाच्या आसपास. त्याआधी शेती आणि कबड्डी. तरी भारताचा सेंटर झाला, जपानमध्ये खेळला, २०१७मध्ये सिडनी किंग्जनं घेतला. २०१४ला वुहानमध्ये आपण चीनला त्यांच्याच घरात ६५-५८नं हरवलं तेव्हा तो होता. एनबीएचा मार्क ईटन तर गाड्या दुरुस्त करत होता. एका कॉलेजच्या कोचनं त्याची उंची पाहून ओढून आणला. १९८४-८५मध्ये सामन्यामागे ५.५६ ब्लॉक (अडवलेले शॉट), तो विक्रम अजून कोणी मोडला नाही.

म्हणजे तेराव्या वर्षी थ्री मारला नाही म्हणून कोणाचं आयुष्य बुडत नाही. सतनाम बुडाला तो सामने न मिळाल्यानं. अठरा ते बावीस ह्या वयात सेंटरला रोज अंगावर माणूस पाहिजे. तो तिकडे बाकावर, आणि इकडे परत यावं तर धड लीग नाही. यूबीए ही आपली लीग दोन-तीन वर्षं चालली न चालली, बंद. ड्रिबल शिकून बाकावर बसला असता तर काय फरक पडला असता?

वर्धा_रोड_एक्सप्रेस

कुस्तीत गेला म्हणून नाकं काय मुरडता बे? २०२२मध्ये अमेरिकेत एईडब्ल्यू ह्या कुस्ती कंपनीच्या शोमध्ये दिसू लागला, चांगले पैसे कमावत असेल. आपल्या नागपूरचे किती सेंटर टीव्हीवर दिसले ते सांगा, मग बोलू.

झोनब्रेकर

आणि डोपिंगचं सोयीनं विसरले वाटते सगळे. २०१९मध्ये सापडला, दोन वर्षं बंदी. त्याला बिचारा म्हणायचं का आता?

चौथा_क्वार्टर

@झोनब्रेकर, बंदी झाली, नोव्हेंबर २०२१पर्यंत भोगली. सापडलेला पदार्थ हायजेनामाइन, तो बाजारातल्या पूरक पावडरींमध्येही असतो. नियम तो नियम, पण ह्या धाग्याचा विषय तो नाही. तोवर त्याचं बास्केटबॉल तसंही उतरणीला लागलेलं होतं.

@पिव्होट_जुना, सर, तुमच्या तीन नावांतली दोन माझ्याच बाजूची आहेत. हकीम बास्केटबॉलला उशिरा आला हे बरोबर, पण त्याआधी तो हँडबॉल खेळत होता, फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. पायांना धावायची, अंगाला वळायची सवय तिथली. पुढे तीच त्याच्या पोस्टच्या खेळात उतरली. अमृतपालला पाय दिले कबड्डीनं. हे लोक उशिरा आले म्हणून वाचले, कारण तेराव्या वर्षी त्यांना कोणी ‘तू फक्त हात वर ठेव’ म्हटलं नव्हतं! आपला उंच पोरगा सहावीत कोर्टवर येतो आणि दहावीपर्यंत तीन गोष्टी करतो: उभा राहतो, उडी मारतो, बॉल देऊन टाकतो. त्यापेक्षा त्यानं चार वर्षं कबड्डी खेळलेली काय वाईट?

ईटनचं मान्य. पण तो ७ फूट ४ इंच होता. आपल्याकडे सहा-तीनच्या पोराला आपण ईटनसारखं वागवतो. गंमत तिथंच आहे. विदर्भातला सेंटर राज्याबाहेर गेला की फॉरवर्डसुद्धा (सेंटरच्या खालोखाल उंच) नसतो, उंचीनं तो गार्ड ठरतो. आणि गार्डचं एकही काम त्याला येत नाही.

लीग नाही, हे शंभर टक्के खरं. पण लीग आणणं तुमच्या-माझ्या हातात नाही. चौदाखालच्या स्पर्धेचा नियम निदान मागता तरी येतो.

गुडघा_बोलतो

व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसतच नाहीये.

उंच पोर वर्षात चार-चार इंच वाढतं तेव्हा हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे शिर नडगीच्या हाडाला चिकटते तिथं गाठ येते, दाबलं की पोर ओरडतं. घरचे म्हणतात वाढीचं दुखणं आहे, तेल लावा. आणि हेच पोर शाळेकडून चौदाखाली, सतराखाली दोन्हींत, शिवाय क्लबकडून. सगळ्यात जास्त उड्या त्याच्याच. सिमेंटवर.

एनबीएत गेलेल्या चीनच्या याओ मिंगपेक्षा चांगली देखभाल कोणाची झाली असेल? २००२च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, ७ फूट ६ इंच, फ्री थ्रो (फाऊलनंतरचे मोकळे शॉट) ८३ टक्के. म्हणजे हात गार्डचे. तरी डाव्या पायाची हाडं पुन्हा पुन्हा मोडली. २००९-१०चा अख्खा मोसम गेला, पुढच्या मोसमात पाच सामने, आणि २०११मध्ये तिशीत निवृत्ती. दुसरा सेंटर जोएल एम्बीड एनबीएत निवडला गेला आणि पायामुळे पहिले दोन मोसम खेळलाच नाही.

तेव्हा @चौथा_क्वार्टर, उंच पोराला बाहेर काढून पळवा म्हणताना त्याच्या पायावर आणखी ओझं टाकताय. आणि @पिव्होट_जुना सर, तुम्ही त्याला दोन गटांत खेळवणं आधी थांबवा. रिंगखाली की बाहेर, हा वाद त्यानंतर.

मनीषनगरची_आई

माझी मुलगी दहावीत आहे, पाच फूट अकरा. वर्गात तिला काय काय नावं ठेवतात ते इथं लिहीत नाही. कोर्टवर मात्र तिची उंची सगळ्यांना हवी असते. तेवढ्यासाठी मी ह्या खेळाचे उपकार मानते.

एनबीए, थ्री-पॉइंट, सगळं छान. पण आमच्यासारख्या घरात प्रश्न वेगळा असतो हो. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे खेळाडू घेते, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. नोकरीसाठी राज्य, राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी संघ जिंकावा लागतो. सरांनी तिला रिंगखाली उभं केलं, संघ विभागापर्यंत गेला. मी सरांना दोष कशाला देऊ?

गीतू अॅना जोस ६ फूट २ इंच. केरळची, दक्षिण रेल्वेत नोकरी, ऑस्ट्रेलियात रिंगवूडकडून खेळली, २०११मध्ये डब्ल्यूएनबीए ह्या अमेरिकेतल्या महिला लीगच्या संघांनी चाचणीला बोलावलं, २०१४ला अर्जुन पुरस्कार. सेंटरच होती ना? रिंगखालीच खेळली ना? आशियात बायकांच्या खेळात सहा-दोन म्हणजे खूप झालं. पुरुषांचं गणित आमच्या मुलींना लावू नका.

@गुडघा_बोलतो, त्या गाठीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. तिलाही आहे. डॉक्टरांना दाखवते.

चौथा_क्वार्टर

ताई, मुलींबद्दलचा मुद्दा पटला, तिथं सहा फुटी मुलगी पुढेही सेंटरच राहते. नोकरीचंही समजतो. पण एक विचारतो. राष्ट्रीय पातळीवर गेल्यावर पंजाब, केरळ, तामिळनाडूच्या मुली तिला रिंगपासून ढकलून बाहेर काढतील, तेव्हा पंधरा फुटांवरून शॉट घेता आला तर प्रमाणपत्र जवळ येईल की लांब जाईल? मी फक्त तेवढाच शॉट मागतोय.

फिजिओंच्या बोलण्यावर: मुळात उड्या कमी होण्यासाठीच त्याला बाहेर काढा म्हणतोय. एनबीएतला सेंटर निकोला योकिचकडे बघा. जेमतेम उडतो. २०१४मध्ये ४१व्या क्रमांकावर निवडला गेला, तीनदा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), २०२३चं विजेतेपद. सगळं पास देऊन आणि कोनातून शॉट मारून.

पिव्होट_जुना

हे योकिचचं नाव आलं की मी चहा प्यायला उठतो. प्रत्येक बापाला आपला पोट्टा योकिच वाटून राहिला आजकाल.

झोन बंदीवर बोलतो. तत्त्व म्हणून माझा विरोध नाही. पण करून पाहा मॅन-टू-मॅन (प्रत्येकानं एकेक माणूस धरायचा), चौदाखाली. समोरचा संघ काय करेल? आपल्या उंच पोट्ट्याच्या माणसाला बाहेर उभा करेल, बॉल त्याच्या हातात देईल. हा पळून पळून मागे राहील, हात मारेल, फाऊल. दुसऱ्या क्वार्टरला पाच फाऊल होऊन बाहेर. मग तो ड्रिबल शिकणार कुठं, बाकावर? आणि झोन होता की नव्हता हे शिट्टीवाला ठरवणार. आपल्याकडे थ्री-सेकंद (डीमध्ये, म्हणजे समोरच्या रिंगखालच्या पट्ट्यात, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबणं) तरी धड पकडतात का? डीमध्ये पोट्टे तंबू ठोकून बसतात.

फिजिओ भाऊचं ऐकलं. ह्या वर्षी एका पोट्ट्याला दोन गटांत नाव देणार नाही. शाळावाले ओरडतील, ओरडू दे.

आणि एवढं करतो. उन्हाळी शिबिरात सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, उंच पोट्टे गार्डांच्या रांगेत. डावा हात, उजवा हात, पंधरा फुटांवरून शॉट. शिबिराच्या सामन्यांत झोन नाही. पण डिसेंबरमध्ये जिल्हा लागला की मी २-३च लावणार, आणि उंच पोट्टा मधातच उभा राहणार. आत्ताच सांगून ठेवतो.

चौथा_क्वार्टर

मे महिन्यात शिकवलेलं डिसेंबरमध्ये वापरू दिलं नाही तर जूनमध्येच विसरतो, सर. निदान साखळी सामन्यांत, आपण वीसनं पुढे असताना, एक क्वार्टर त्याला बॉल वर आणू द्या.

पिव्होट_जुना

वीसनं पुढे असलो तर. पंधरावर नाही.