कोळंबीच्या शोधासाठी किनाऱ्याजवळ सरकारी ट्रॉलिंग हवं का?

घाटमाथा_कराड:
कुंभार्ली घाटातून रात्री टेम्पो येतो आणि सकाळी आपण कोळंबीचा भाव करतो, तेव्हा हा विषय कोकणवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये. माझं मत असं: किनाऱ्याजवळच्या पाण्यात कोळंबी किती उरली आहे, ते सरकारी बोटीने दर हंगामात तळालगत जाळं ओढून, म्हणजे ट्रॉलिंग करून, बघावं. आपण वाचतो ते आकडे बहुतेक बंदरावर उतरलेल्या मालाचे. बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, जीपीएस आलं की साठा घटत असला तरी उतरणारा माल तेवढाच दिसतो. सर्वेक्षणात समुद्राचे चौकोन पाडतात, प्रत्येकात ठरलेलं जाळं ठरलेला वेळ ओढतात आणि ताशी किती किलो लागलं ते लिहितात, हाती काही लागणार नाही असं वाटतं तिथेसुद्धा. धंद्याची बोट हे कशाला करेल? डिझेल कोण जाळतंय फुकट?

कृष्णाकाठी:
दादा, हा शोध एकदा लावून झालाय. केरळात नींडकरा इथे 1950 च्या दशकात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला. हेतू चांगलाच होता, गरीब मच्छीमाराला बरी बोट मिळावी. ट्रॉल जाळ्यात कोळंबी लागली, परदेशातला भाव कळला आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी वल्हं धरलं नव्हतं ते बोटमालक झाले. पुढे पारंपरिक मच्छीमार उपोषणाला बसले, तेव्हा कुठे 1988 मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आली. तुमचा नकाशा आधी कुणाच्या हातात पडणार, ते सांगा.

घाटमाथा_कराड:
परवाने वाटणाऱ्यांचा दोष नकाशावर कशाला? भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय मुंबईतच आहे, हेच काम ती करते. माझं म्हणणं एवढंच, की तिचे निकाल हर्णै-मिरकरवाड्यासारख्या कोकणातल्या बंदरांवरच्या माणसाला मराठीत आणि वेळेवर मिळावेत.

हर्णैचा_जावई:
मी राहतो साताऱ्यात, सासुरवाडी दापोली तालुक्यात. ट्रॉलरचा खोळा, म्हणजे जाळ्याची मासळी भरलेली शेवटची पिशवी, डेकवर सोडताना कुणी बघितलाय का इथे? कोळंबी शोधावी लागते हो त्यात. मांदेली, ढोमी, खेकडे, शंख-शिंपले, बोटाएवढी पापलेटं, सगळ्याचा एकच चिखल. खलाशी उकिडवे बसून कोळंबी वेचतात आणि उरलेलं फावड्याने ओढतात. त्यातलं बरंच मेलेलंच समुद्रात जातं, काही सुकवून दळून कोंबडीखाद्यात. सरकारी जाळं काय वेगळं आणणार? वर किनाऱ्यालगत पाच-दहा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखाली ठिकठिकाणी ट्रॉलिंगला मनाई आहे. सासऱ्यांना दंड आणि साहेबांना सूट?

घाटमाथा_कराड:
जावईबापू, उलट कोळंबीबरोबर काय काय मेलं ते किलोवर मांडायचं असेल, तर सरकारी बोटच हवी. तुम्ही सांगितलेलं दृश्य कुठल्याही बोटमालकाच्या वहीत सापडणार नाही. शिवाय जाळी तपासून घेता येतील. कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणारी चौकट कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केव्हाच बनवली. ती आपल्या बोटींवर नाही, म्हणून अमेरिका 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. त्या चौकटीतून कोळंबी किती निसटते हे दाखवल्याशिवाय तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, ती लावू देईल का?

मिरजेचा_पाटील:
ह्या भांडणात पडायचंच कशाला? हरियाणा-पंजाबात खारट जमिनीत तळी करून व्हन्नामेई ही पाळीव कोळंबी घेतात. आपल्याकडे वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड रानं पडून आहेत, ऊस येत नाही. तिथं करा की कोळंबी.

कृष्णाकाठी:
पाटील, तळ्यातलं पाणी बदलताना सोडणार कुठं? शेजारच्याच्या उसात, नाहीतर कृष्णेत. नदीत मळीचं पाणी आलं की मासे कसे तरंगतात ते आपण काठावरनं बघतो. आणि त्या कोळंबीच्या खाद्यात मासळीचीच भुकटी असते. जावयांनी सांगितलेला तोच चिखल.

मिरजेचा_पाटील:
मग खायचीच सोडा. मी तर शाकाहारीच हाय.

कृष्णाकाठी:
घाटमाथा, माझी अट ऐका. सर्वेक्षण सुरू करायच्या आधी कागदावर लिहून द्यायचं, की निकाल लागल्यावर तीन वर्षं नवा ट्रॉलर नाही आणि जुन्याला मोठं इंजिनही नाही. मग माझा विरोध नाही.

घाटमाथा_कराड:
मान्य. कोळंबीचं आयुष्य मुळात वर्ष-दोन वर्षांचं. अंडी समुद्रात, पिल्लं खाडीत वाढतात आणि परत बाहेर येतात. एका हंगामाचा आकडा पुढच्या हंगामाला शिळा होतो, तेव्हा तीन पावसाळे बघायलाच हवेत. म्हणून आपल्याकडच्या पावसाळी मासेमारीबंदीत, 1 जून ते 31 जुलैमध्ये, सर्वेक्षणाच्या मोजक्या ओढी टाकू द्याव्यात.

हर्णैचा_जावई:
इथंच अडतं बघा. बंदीच्या दिवसांत सगळ्या बोटी वर ओढलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले. तेव्हा एक जरी बोट जाळं ओढताना दिसली, तरी जेटीवर पहिला प्रश्न येणार, तिला चालतं तर आम्हाला का नाही? खाडीच्या तोंडाशी डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावणाऱ्यांना विचारा, पिल्लं कधी बाहेर येतात ते तारखेनिशी सांगतील. ओढी ऑगस्टात टाका.

घाटमाथा_कराड:
ऑगस्टात सगळेच जाळी टाकतात. मग बंदीने किती फरक पडला, ते मोजणार कसं?