ऋषीच्या भाजीपुरती परसबाग: काय लावू, कधी लावू?

रेवदंड्याची_सून
अलिबाग तालुक्यात नवीन घर बांधलंय. मागच्या दारी साधारण १० बाय २० फूट जागा आहे. गवंड्यांनी तिथेच माल कालवला, त्यामुळे वरची माती पांढरट आणि कडक झालीये. ऊन दुपारपर्यंत छान असतं. मृगाला काहीतरी पेरायचंच, असं मनात आहे. भाज्यांची यादी करायला बसले तर पंचवीस झाल्या! एवढ्याशा जागेत काय काय बसवू?

कुंपण
आधी तो वरचा वीतभर थर काढून बाहेर टाका. सिमेंटच्या मातीत धड काही होत नाही. शेणखत जुनं, भुसभुशीत बघून घ्या, अर्धवट कुजलेल्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. आणि गादीवाफेच (जमिनीपेक्षा उंच वाफे) करा. आपल्याकडच्या पावसात सपाट वाफ्याचं तळं होतं.

मागीलदार
सूनबाई, ती यादी आधी फाडा. ऋषिपंचमीचं पातेलं डोळ्यासमोर आणा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे परसातलंच हवं. यंदा गणपती कधी ते कॅलेंडरात बघा (अधिक महिना आला की तो बराच पुढे जातो) आणि तिथून मागे मोजा.

अळूचे कंद पहिल्या पावसालाच, मोरीचं पाणी जातं तिथे. वडीला काळ्या देठाचं वेगळं लावा. पडवळ, दोडका दोन-अडीच महिने आधी, एकाच मांडवावर. मांडव आत्ताच घाला, वेल पसरल्यावर खांब पुरायला जागा राहत नाही. मकाही तेव्हाच टोका, कणसं कोवळी मिळतील. भेंडीला दीड-पावणेदोन महिने पुरतात. लाल माठ मात्र शेवटी, महिनाभर आधी. आषाढातल्या सरी रोपं झोडपून काढतात. बी बारीक असतं, वाळूत मिसळून फेका. सुरण विकत आणा, त्याला सात-आठ महिने लागतात आणि जागाही खातो.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर पावसाळ्यात नकोच. उगाच हौस.

रेवदंड्याची_सून
मागीलदार काकू, मांडव झाला, वेलही वर गेलाय. दोडक्याला फुलं भरपूर, पण सगळी गळतायत. काही कमी पडतंय का?

मागीलदार
सुरुवातीची फुलं नराचीच असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा कोवळा दोडका दिसतो. तो पिवळा पडून गळत असेल तर पावसामुळे परागण करणारे कीटक फिरकत नाहीयेत. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हा एक नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे करून मादी फुलात हलकेच फिरवायचं. चहा ठेवून जा, उकळेस्तोवर होतं.

कुंपण
फळ धरलं की फळमाशी येते. क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा, कृषी सेवा केंद्रात मिळतो. डंख मारलेली फळं खताच्या ढिगात टाकू नका, अळ्या तिथूनच मातीत उतरतात. आम्ही तर कोवळ्या कारल्यांना कागदाच्या पिशव्या घालतो. शेजारी हसतात, हसू देत.

रेवदंड्याची_सून
काल ऋषिपंचमी झाली! अळू, माठ, भेंडी, दोडका, मक्याची कणसं, सगळं मागच्या दारचं. पडवळ एकच, पण हातभर लांब. अळूला खाज होती म्हणून चिंच थोडी जास्तच घातली. तेल-फोडणी काही नाही, वरून ओलं खोबरं, बस. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे आवडली. सुरण बाजारातलाच, जरा चिवट निघाला.

आता माठाचा वाफा रिकामा झालाय. तिथे काय?

मागीलदार
पाऊस पुरता जाऊ दे, मग पांढऱ्या कांद्याचं रोप टाक. अलिबागेत राहून कांदा विकत आणायचा म्हणजे काय! कडेने वाल टोच, शेंगा मडक्यात भाजून पोपटी करण्यापुरता होईल.

कुंपण
पोपटीला आम्हीही येऊ. मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला आम्ही आणतो.