मंकीज भांडले ते बरोबरच; जुळवलेल्या बँडलाही आपलं गाणं निवडू द्या

फोंड्याचा कीबोर्डवाला: कांदोळीच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या बँडमध्ये मी तीन सीझन होतो. आम्हां चौघांना एका इव्हेंट कंपनीनं जुळवलं. बँडचं नाव तिचं, कपडे तिचे, गाण्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. साउंडचेकला मी स्वतःची चाल वाजवली तर मॅनेजर म्हणाला, "हें घरा वाजय." 'मंकीज' या बँडचं तेच झालं होतं. १९६५ मध्ये जाहिरात देऊन अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेसाठी निवडलेली चार पोरं. गाणी मालिकेचं संगीत सांभाळणारा डॉन कर्शनर ठरवायचा, वाद्यं बहुतेक स्टुडिओतले वादक वाजवायचे. जानेवारी १९६७ मध्ये दुसरा अल्बम तर यांना न विचारताच बाजारात आला. चौघांतल्या माइक नेस्मिथनं संतापून हॉटेलच्या भिंतीत बुक्की मारून भोक पाडलं. कर्शनरला काढलं, आणि मे महिन्यात आलेला 'हेडक्वार्टर्स' हा पुढचा अल्बम त्यांनी बराचसा स्वतः वाजवला. चौघांना कुणी का जुळवेना, वाजवणाऱ्याला निवडीचा हक्क हवाच.

मडगावकर: पुढचंही सांगा ना. न विचारता काढलेला तो अल्बम अमेरिकेत १८ आठवडे पहिल्या नंबरवर होता, 'हेडक्वार्टर्स' एकच आठवडा. त्यातलं 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' नील डायमंडनं लिहिलेलं. कर्शनरनं ते गाणं हेरणं हेही कसबच. तुमच्या हॉटेलात पाहुणा पैसे मोजतो तो ओळखीच्या गाण्यांसाठी, आणि तोटा झाला तर कंपनीचा होतो.

फोंड्याचा कीबोर्डवाला: एका आठवड्यानं त्यांना खाली ढकललं ते बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नं! त्यानंतरही ११ आठवडे ते दुसऱ्या नंबरवर टिकले. याला अपयश म्हणायचं?

सांग्याची व्हायोलिन: स्टुडिओतल्या वादकांना तुम्ही दोघंही ओझरतं उरकलंत, मला तेच लागलं. आपले सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग करायचे. व्हायोलिनचे ते ताफे कागदावर कुणी उतरवले, हे गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सिनेमात दुसऱ्यांच्या चाली वाजवत राहिले, पण १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात लता आणि मन्ना डे गायले. कीबोर्डवाले बाब, हॉटेलात यादीच वाजवा. तुमची चाल दुसरीकडे न्या.

फोंड्याचा कीबोर्डवाला: कुठे नेऊ, बाय? करारात लिहिलं होतं, ऑक्टोबर ते मार्च दुसरीकडे वाजवायचं नाही, देवळाच्या जत्रेतसुद्धा नाही. गोन्साल्विसांना निदान संध्याकाळ मोकळी मिळत असेल.

मडगावकर: हे कलम मलाही पटत नाही. यादी कंपनीची, ते मी सोडणार नाही. पण उरलेले दिवस वादकाचे.

सांग्याची व्हायोलिन: मग सही करण्याआधी तेवढं एक कलम खोडायला सांगा. ते खोडलं नाही म्हणून गेल्या सीझनला मी काम सोडलं. शिगम्याला गावात वाजवलं, त्यात दोन चाली माझ्या होत्या.