मोदक वाफवताना फुटतात, मदत हवी आहे

मंडळी, उकडीच्या मोदकांनी छळलंय नुसतं! वळताना छान जमतात, अकरा-बारा कळ्याही येतात. पण चाळणीतून काढावेत तर निम्म्यांच्या बुडाला चीर आणि गुळाचा पाक खाली हळदीच्या पानावर.

माझी पद्धत अशी: एक वाटी आंबेमोहोर तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळते, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढते आणि उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळते. हात भाजतात, पण गार झाल्यावर मळली तर गुठळ्या राहतात, हे एकदा भोगलंय. मोदक दहा-बारा मिनिटं वाफवते.

मला संशय सारणाचा येतोय. मऊ राहावं म्हणून मी ते जरा ओलसरच उतरवते. अजून आटवू का? पण मग गूळ कडक होऊन चिक्की होते, तीही झाली आहे मागे! की पारी बुडाशी पातळ होतेय? जुन्या तांदळाच्या पिठीला पाणी जास्त लागतं म्हणतात, ते किती वाढवता?

आणि उरलेली उकड ओल्या फडक्याखालीही सुकते, त्यावर काही उपाय?