दिवस सकाळी साडेआठला बदलतो

कुणीतरी लिहिलंय की आयएमडीलिब या पायथन पॅकेजने हवामान खात्याच्या पावसाच्या फाइली उतरवून त्यांचे सीएसव्ही (साधे तक्ते) केले, तर तारखा एका दिवसाने पुढे येतात आणि हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. मला तसं वाटत नाही. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो, आणि तारीख मोजणीच्या, म्हणजे त्या दुसऱ्या दिवसाची लागते. म्हणून सगळा रकाना एक दिवस मागे सरकवू नका, पहाटेचा पाऊस मग चुकीच्या तारखेला जाईल.

आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत मीही यात अडकलो होतो. वहीत '१४ तारीख, रात्री जोराचा पाऊस', फाइलमध्ये १४ ला शून्य आणि १५ ला पाऊस. परतीचा पाऊस आपल्याकडे बहुतेक दुपारनंतरच येतो, त्यामुळे फरक लगेच डोळ्यांत भरतो. छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी ठरवताना एक दिवस फार मोठा असतो हो! आता पर्जन्यमापक रोज साडेआठलाच रिकामा करतो, आणि आकड्याच्या शेजारी पाऊस कधी पडला ती वेळ लिहितो.

आणि सरासरी काढण्याआधी -९९९ आकडे गाळा, ती नोंद नसल्याची खूण आहे.