गावच्या वाचनालयात १९७३ चा ‘स्लीपर’ दाखवावा का?

वाचनालयवाला:
नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. औंदा वाचनालयात प्रोजेक्टर आला, दर शनिवारी जेवणं झाली की सिनेमा लावतो, सतरंज्या टाकून पन्नासेक माणसं बसतात, म्हातारेही येतात. आता माझ्या डोक्यात अमेरिकेतल्या विनोदी नट-दिग्दर्शक वुडी ॲलनचा ‘स्लीपर’ घोळून राहिला. हेल्थ फूडचं दुकान चालवणारा एक माणूस अल्सरच्या साध्या ऑपरेशनला जातो अन् डॉक्टर त्याला गोठवूनच ठेवतात, चकचकीत फॉईलमध्ये गुंडाळलेला तो २०० वर्षांनी, थेट २१७३ मध्ये जागा होतो, तिकडे पाहतो तं हुकूमशाही आणि घरोघरी रोबोट नोकर. मी हॉस्टेलला असताना पाहिला होता, त्यातला एक सीन अजून डोक्यातून जात नाही. जागा झाल्यावर तो ऑरगॅनिक मध वगैरे मागतो आणि तिथले डॉक्टर चकित, की त्या काळी लोक याला पौष्टिक समजायचे म्हणे, आणि तळलेलं, क्रीमचे केक वाईट, आता तं नेमकं उलटं सिद्ध झालंय! मला हा सीन आपल्याच घरातला वाटतो. आमच्या आजीच्या काळी ज्वारीची भाकर गरिबाची, पाहुणा आला की पोळी. मग सगळे म्हणायला लागले सोयाबीन पेरा, ज्वारी गेली. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष झालं, आता शहरातले डॉक्टरच भाकर खा म्हणून सांगून राहिले. प्रश्न एवढाच की आमच्या लोकांना हे पोहोचेल का? सबटायटल इंग्रजीत आहेत, मी माईकवर मराठीत सांगत जाऊ का?

संत्रापट्टा:
दाखव ना भाऊ, कायले भेतं. अर्धा पिच्चर तं मुक्या पिच्चरसारखा हाये, पळापळ, पडापड. वावरातलं केळं माणसापेक्षा मोठं, त्याच्या सालावरून घसरून पडतात, हे आमच्या वरुडच्या म्हाताऱ्यायले समजावून सांगा लागते काय? मंग थो रोबोट बनून एका बाईच्या घरी नोकर म्हणून जाते, पुडिंग करायले घेते अन् ते फुगतच जाते, फुगतच जाते, शेवटी थो झाडूनं बडवते त्याले. मी एकटा बसून पायला तरी पोट धरून हासलो. अजून एक, त्यातलं जॅझ लक्ष देऊन आयका, वुडी ॲलन सोता क्लॅरिनेट वाजवते. आपल्या लग्नाच्या बँडमंदी जे काळं लांब वाद्य राह्यते ना, तेच.

वर्ध्याची_बाई:
सर, माईकवर पूर्ण वेळ बोलू नका, हसू यायच्या आत तुम्ही बोललात की गंमत मरते. आधी पाच मिनिटं गोष्ट सांगा, बास. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या, एक तर त्यात एक यंत्र आहे नवरा-बायकोच्या जवळिकीचं, म्हणून मुलांना बसवू नका, मुलांसाठी वेगळ्या दिवशी १९३६ चा ‘मॉडर्न टाइम्स’ लावा, त्यातलं कामगाराला जेवण भरवणारं मशीन माझ्या सातवीच्या पोरांनी तीनदा मागून पाहिलं. दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या राजकारणाची नावं येतात, ती सोडून द्या. पण नाकाचा भाग नीट सांगा. त्या देशाचा नेता स्फोटात मेलाय, उरलंय फक्त नाक, आणि त्या नाकापासून अख्खा नेता परत तयार करायची सरकारची तयारी चाललीय. एका मेंढीच्या पेशीपासून तयार केलेली तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे डॉली मेंढी, जन्मली १९९६ ला, हा सिनेमा तिच्या २३ वर्षं आधीचा. विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कारही मिळालाय याला, उगाच नाही. आणि सार्वजनिक खेळाची परवानगी बघून घ्या.

कोरडवाहू:
सिनेमा दाखवाच, पण ज्वारीचं तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आमच्याकडे ज्वारी गेली ती रानडुकरांपायी, पाखरांपायी अन् भावापायी, रात्र रात्र जागल करूनही कणसं हाती लागत नव्हती. सल्ल्याचंच उदाहरण द्यायचं तं कपाशीचं द्या. २००२ ला बीटीला, म्हणजे बोंडअळीला स्वतःच मारणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला, परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचं टेन्शन गेलं म्हणाले, माझ्या बापाने विश्वास ठेवून पेरलं, सुरुवातीला फवारणी कमी झालीही, पण गुलाबी बोंडअळी परत आली ना. तो डॉक्टरचा सीन पाहताना मला तेच आठवलं, बोलणारा किती खात्रीने बोलतो! आणि हो, गुहेत २०० वर्षं पडलेली फोक्सवॅगन पहिल्याच झटक्यात सुरू होते, तिथे जरा थांबवून ठेवा, ट्रॅक्टरवाले टाळ्या मारतील.

वाचनालयवाला:
सगळ्यांचे आभार. कोरडवाहू भाऊ, बरोबर बोलले तुम्ही, रानडुकरांचं मी विसरलोच होतो, आमच्या काकाने त्यापायीच ज्वारी सोडली. कपाशीचंच सांगतो. पोरांना वेगळ्या दिवशी बसवीन, परवानगीचंही विचारून घेतो. आणि आमच्या गावात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका आहेत, ७० च्या वर वय, आता लग्नाला कोणी बोलवत नाही त्यांना. आत्ताच त्यांच्या घरी जाऊन आलो, सिनेमाआधी दोन धून वाजवतो म्हणाले, क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडात धरायची पातळ पट्टी, तेवढी नवी आणून द्यायची आहे, उद्या यवतमाळला जाऊन पाहतो.